विद्यापीठांना पुरवठा साखळीचे शास्त्र हवे, पण कुठे?

विद्यापीठे उद्योगासारखी चालवावीत की नाही, यावर आपल्याकडे गेली काही वर्षे जो वाद चालू आहे त्यात दोन्ही बाजूंनी फार सैलपणे बोलले जाते. एका बाजूचे म्हणणे असे की वाहनउद्योगाने आणि किरकोळ विक्रीच्या बड्या कंपन्यांनी पुरवठा साखळी व्यवस्थापनाचे, म्हणजे कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंतचा वस्तूचा सगळा प्रवास आखण्याचे, जे शास्त्र आत्मसात केले, तेच विद्यापीठांनी उचलावे. बारावी झालेला विद्यार्थी हा कच्चा माल, महाविद्यालय हा कारखाना, पदवीधर हा पक्का माल आणि उद्योग किंवा समाज हा ग्राहक, अशी मांडणी 1990च्या दशकापासून व्यवस्थापनशास्त्राच्या नियतकालिकांत रीतसर होत आली आहे. दुसरी बाजू हे शब्द ऐकताच वाद बंद करते. शिक्षण म्हणजे कारखाना नव्हे आणि विद्यार्थी म्हणजे माल नव्हे, एवढे म्हटले की तिच्या दृष्टीने सगळे बोलून झाले. माझे म्हणणे या दोन्हींहून वेगळे आहे. विद्यापीठात जे जे खरोखर एका हातातून दुसऱ्या हातात जाते, म्हणजे उत्तरपत्रिका, गुणपत्रके, शिष्यवृत्तीचे पैसे, नेमणुकीच्या फायली, प्रयोगशाळेतली रसायने, त्या सगळ्याला हे शास्त्र कसोशीने लावले पाहिजे, आणि नेमके तिथेच ते लावले जात नाही. विद्यार्थ्याची वाढ आणि ज्ञानाची निर्मिती यांना मात्र ते लागू होत नाही, आणि आपल्याकडचा सगळा उत्साह तिकडेच वळलेला आहे. शिवाय हे शास्त्र मुळातून समजून घेतले, तर विद्यापीठांत आज कार्यक्षमतेच्या नावाखाली जे चालले आहे त्यातल्या बऱ्याच गोष्टींना त्याचाच विरोध आहे असे दिसते.

पहिल्या बाजूचे जे खरे आहे ते आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. 2017च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच हंगामात सरसकट लागू केली. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका गोळा करायच्या, पान न् पान स्कॅन करायचे, प्रत्येकीला बारकोडची ओळख द्यायची आणि मग शेकडो महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी त्या पडद्यावर तपासायच्या, असा तो प्रवास होता. नवा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम त्याच वर्षी 1 मार्चपासून अमलात आला होता, आणि परीक्षा संपल्यावर शक्यतो 30 दिवसांत, उशिरात उशिरा 45 दिवसांत निकाल लावावा अशी तरतूद त्यात आहे. कुलपतींनी 31 जुलैची मुदत घातली, तीही हुकली. मुख्य उत्तरपत्रिका एकीकडे आणि पुरवण्या दुसरीकडे असे प्रकार घडले, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. तोवर कोणाचा पदव्युत्तर प्रवेश हुकला होता, कोणाचे परदेशातले वर्ष.

या गोंधळाचा दोष तंत्रज्ञानावर टाकणे सोपे आहे. पण 17 लाख उत्तरपत्रिका 45 दिवसांत हातावेगळ्या करायच्या तर सरासरी दिवसाला सुमारे 38 हजार तपासून व्हायला हव्यात. एका शिक्षकाने रोज 40 तपासल्या असे धरले, तरी एकही सुट्टी न घेता रोज साडेनऊशे शिक्षक पडद्यासमोर बसायला हवेत. सगळ्या परीक्षा एकाच दिवशी संपत नाहीत, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण तो निविदा काढण्याआधी, नव्हे निर्णय घेण्याआधी मांडायचा हिशेब आहे. साखळीचा वेग तिच्यातल्या सर्वांत संथ टप्प्याएवढाच असतो, आणि तो टप्पा सोडून इतर कुठेही वेग वाढवला तर फक्त ढीग वाढतो, हा पुरवठा साखळीच्या शास्त्रातला अगदी प्राथमिक धडा आहे. इथे आधी स्कॅनिंग मागे पडले म्हणून शिक्षक खोळंबले, नंतर स्कॅन झालेल्या उत्तरपत्रिकांना शिक्षक पुरेनात, आणि शेवटी जुलैत काही दिवस महाविद्यालयांतले तास बंद ठेवून शिक्षकांना तपासणीला बसवावे लागले. म्हणजे मागच्या वर्षाच्या निकालाची किंमत पुढच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या तासांतून वसूल झाली. विद्यापीठात व्यवस्थापनाची भाषा शिरू नये असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे की, ही भाषा येणारा एखादा माणूस त्या निर्णयाच्या टेबलावर असता तर शिक्षणाचे पावित्र्य कमी झाले असते का?

हे एका वर्षापुरते नाही आणि एका विद्यापीठापुरतेही नाही. 'निकाल राखीव' हे दोन शब्द ज्याच्या वाट्याला आले आहेत त्याला विचारा. पेपर दिलेला असतो, हजेरीपटावर सही असते, तरी गुणपत्रकात त्या विषयापुढे गैरहजर असे छापून येते. किंवा अंतर्गत गुण महाविद्यालयाने पाठवलेले असतात आणि विद्यापीठाला ते पोचलेले नसतात. महाविद्यालयातला लिपिक सांगतो, आमच्याकडून गेले आहेत, विद्यापीठात जा. विद्यापीठाच्या खिडकीवरचा सांगतो, प्राचार्यांचे पत्र आणा. पत्र आणले की कळते की संबंधित साहेब कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर, गेले आहेत. सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला या फेऱ्यांसाठी रात्रभराचा प्रवास करून मुंबई गाठावी लागते, कारण डहाणूपासून पार सिंधुदुर्गापर्यंतचे कार्यक्षेत्र एकाच विद्यापीठाचे आहे. त्या विद्यार्थ्याने घरी मागवलेले पार्सल या क्षणी कोणत्या गावात आहे हे त्याच्या मोबाईलवर दिसते. त्याच्या आयुष्याचे एक वर्ष ज्या गठ्ठ्यात बांधलेले आहे तो गठ्ठा कुठे आहे हे मात्र कुलसचिवांनाही सांगता येत नाही. गठ्ठ्याला ओळख द्यावी, प्रत्येक टप्प्यावर तो कोणाच्या ताब्यात होता याची नोंद ठेवावी, आणि किती काळ कुठे पडून राहिला हे उघड करावे, यासाठी कोणत्याही शैक्षणिक तत्त्वाला मुरड घालावी लागत नाही.

शिष्यवृत्तीचेही तेच. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरला जातो, महाविद्यालयाच्या पातळीवर तो पडून राहतो, मग समाजकल्याण किंवा संबंधित विभागाकडे, मग कोषागाराकडे, आणि पैसे येईपर्यंत वर्ष संपलेले असते. मधल्या काळात वसतिगृहाची आणि खानावळीची बाकी विद्यार्थी अंगावर घेतो, आणि शुल्काची रक्कम आली नाही म्हणून काही संस्था त्याची कागदपत्रे अडवून ठेवतात. साखळीतल्या विलंबाचा भार सर्वांत दुबळ्या कडीवर ढकलला जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हा प्रश्न व्यापारी वृत्तीचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी 1882 साल आठवावे. ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले त्याचा कणा हाच प्रश्न आहे. सरकारचा महसूल प्रामुख्याने शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे झुकतो. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल हा सरकारचा भरवसा फोल आहे, असे त्यांनी बजावले. झिरपण्याचा तो सिद्धांत म्हणजे वितरणाचाच सिद्धांत होता, आणि फुल्यांनी तो वितरणाच्याच कसोटीवर तपासून खोटा ठरवला. प्रवाह कुठे अडतो आणि कोणापर्यंत पोचत नाही, हे मोजणे म्हणजे शिक्षणाचा बाजार मांडणे नव्हे. न मोजण्याचा फायदा नेहमी आधीपासून वर बसलेल्यांनाच होतो.

एवढे मान्य केल्यावर खरा मतभेद सुरू होतो. विद्यार्थी म्हणजे माल, ही मांडणी हास्यास्पद ठरवून सोडून देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण तिची अधिक चांगली आवृत्ती उपलब्ध आहे. या विषयाचे गंभीर अभ्यासक सांगतात की सेवाक्षेत्रात ग्राहक स्वतःच साखळीला काहीतरी पुरवत असतो. रुग्ण आपले शरीर घेऊन येतो, तसा विद्यार्थी आपली बुद्धी आणि आपले श्रम घेऊन येतो, म्हणून तो एकाच वेळी पुरवठादार, सहउत्पादक आणि ग्राहक असतो. ही मांडणी समंजस आहे, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' योजनेत शिकलेल्या कोणालाही ती परकी वाटणार नाही. पण तिच्यातही एक प्रश्न शिल्लक राहतो. साखळी म्हटली की तिच्या शेवटी कोणाची तरी मागणी असते, आणि त्या मागणीवरून मागचे सगळे टप्पे आखले जातात. विद्यापीठाच्या बाबतीत ती मागणी नोंदवणारा कोण?

मुंबई विद्यापीठाचीच सुरुवात पाहा. 1854च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातील शिक्षणधोरणाच्या दस्तऐवजात, शिक्षणामागे जे हेतू सांगितले होते त्यांत सरकारी कामासाठी भरवशाची, शिकलेली माणसे मिळवणे हा एक स्पष्ट हेतू होता. 1857 साली विद्यापीठ स्थापन झाले, आणि 1862 साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. मागणीच्या भाषेत बोलायचे तर सरकारला चांगला न्यायाधीश हवा होता, तो रानड्यांच्या रूपाने मिळालाही. पण सार्वजनिक सभेच्या कामाला दिशा देणारे, प्रार्थना समाज उभा करणारे, या देशाच्या दारिद्र्याचे अर्थशास्त्र मांडणारे रानडे कोणी मागवले होते? संस्कृत हस्तलिखितांवरून प्राचीन भारताचा इतिहास पुन्हा उभा करणारे भांडारकर कोणत्या खात्याच्या मागणीपत्रकात बसत होते? त्या शिक्षणाचे मोल ज्याला कळले असते तो समाज अजून घडायचा होता, आणि तो घडवण्यात याच माणसांचा हात होता. ज्या ग्राहकाला उत्पादनच जन्माला घालते, त्याची मागणी आधी मोजून आखणी करता येत नाही. हा आक्षेप भावनेचा नाही, तर्काचा आहे, आणि सहउत्पादकाच्या मांडणीनेही तो सुटत नाही.

उद्योगांची तक्रार यावर पुढे येईल, आणि ती खोटी नाही. पदवी आहे पण साधा अर्ज लिहिता येत नाही, यंत्राचे चित्र वाचता येत नाही, हे आपण सगळे पाहतो. उद्योगाच्या आजच्या मागणीप्रमाणे जागा आणि अभ्यासक्रम बदलावेत, हा त्यावरचा नेहमीचा उपाय. हा उपाय महाराष्ट्राने दोनदा करून पाहिला आहे. 1983 साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि पुढे मागणी दिसेल तशा जागा वाढत गेल्या. नंतर त्या इतक्या रिकाम्या राहू लागल्या की अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला 2020 साली नव्या अभियांत्रिकी संस्थांना परवानगी देणे थांबवावे लागले. 2024-25च्या प्रवेशांपासून निकष पूर्ण करणाऱ्या संस्थांसाठी जागांची कमाल मर्यादाच उठवण्यात आली आहे, आणि संगणक शाखेच्या तुकड्या पुन्हा वाढत आहेत. दुसरे उदाहरण अधिक जिव्हारी लागणारे आहे. डी.एड. झाला की जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, हे समीकरण असताना गावोगाव अध्यापक विद्यालये निघाली. शेत विकून, दागिने मोडून मुलामुलींना तिथे पाठवले गेले. 2012 नंतर शिक्षकभरती वर्षानुवर्षे रखडली, विद्यालये ओस पडली, आणि हातात डी.एड.चे प्रमाणपत्र असलेली एक पिढी मिळेल त्या कामाला लागली.

हे का घडते हे पुरवठा साखळीच्या शास्त्रानेच दाखवून दिले आहे. जे फॉरेस्टर नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने 1961च्या सुमारास मांडले की दुकानात झालेला मागणीचा लहानसा चढउतार साखळीत मागे मागे जाताना मोठा होत जातो, कारण प्रत्येक टप्पा उशिरा मिळालेल्या माहितीवर घाईने निर्णय घेतो. आठवड्यांच्या विलंबाने उद्योगांत हे होत असेल, तर चार वर्षांच्या पदवीत काय होईल? सतरा वर्षांचा मुलगा आजच्या नोकऱ्या पाहून शाखा निवडतो आणि बाहेर पडतो तेव्हा बाजार वेगळाच असतो. यावर या शास्त्राकडे उत्तर आहे, पण ते उद्योगस्नेही सल्लागार सांगत नाहीत. मागणी अनिश्चित असेल तर वस्तूला अंतिम रूप शक्य तितके उशिरा द्यावे, असे ते उत्तर आहे. इटलीच्या बेनेटन कंपनीने लोकरीचे कपडे न रंगवता विणून ठेवण्याची आणि हंगामात कोणता रंग चालतो हे कळल्यावर रंगवण्याची पद्धत यशस्वी केली, हे या शास्त्राच्या वर्गात हमखास शिकवले जाते. तोच नियम इथे लावला तर निष्कर्ष असा निघतो की पहिली वर्षे भाषा, गणित, विज्ञान, इतिहास यांच्या पक्क्या पायाला द्यावीत, आणि विशिष्ट कौशल्य शेवटी, शक्य तर नोकरीच्या जागी शिकवावे. आपण उलट दिशेने निघालो आहोत. पहिल्याच वर्षापासून कौशल्याचे तुकडे, त्यांचे श्रेयांक (क्रेडिट), आणि ते श्रेयांक बँकेत जमा करून हवे तेव्हा बाहेर पडण्याची सोय. शिक्षण अर्धवट सोडावे लागणाऱ्याला त्या सोयीचा उपयोग होईल, हे मला मान्य आहे. पण पाया खिळखिळा करून तिची किंमत देऊ नये.

गुणवत्ता मोजण्याच्या बाबतीतही हीच उलटापालट दिसते. इंग्लंडमध्ये 1862 साली रॉबर्ट लो यांनी शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, अंकगणिताच्या परीक्षेवर अवलंबून ठेवले. करदात्याचा पैसा फुकट जाऊ नये हा हेतू रास्तच होता. परिणाम असा झाला की तपासनीस येण्याआधी मुलांकडून पुस्तके घोकून घेतली जाऊ लागली, परीक्षेत नसलेले विषय शाळांतून मागे पडले, आणि शतक संपण्याआधी ती पद्धत मोडीत काढावी लागली. आज नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, समिती येणार म्हटले की आपल्या महाविद्यालयांत काय होते? भिंतींना रंग लागतो, न झालेल्या बैठकांची इतिवृत्ते लिहिली जातात, आणि कित्येक शिक्षक महिनोन्‌महिने वर्ग सोडून फायली तयार करतात. 1950 साली जपानला गेलेल्या डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी तिथल्या उद्योजकांना जे पटवले त्याचा गाभा असा होता की शेवटी तपासणी करून गुणवत्ता येत नसते, ती प्रक्रियेतच असावी लागते. जपानच्या कारखान्यांनी ते ऐकले, आणि कारखान्यासारखे व्हायला निघालेल्या विद्यापीठांनी शेवटच्या तपासणीचाच पसारा वाढवला.

सगळ्यात मोठा विपर्यास शिक्षकांच्या बाबतीत झाला आहे. लागेल तेव्हा, लागेल तेवढेच, साठा शून्य, हे टोयोटाच्या ताइची ओनो यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व आपण उचलले आणि त्याचे तासिका तत्त्व केले. राज्यातल्या विद्यापीठांत आणि अनुदानित महाविद्यालयांत हजारो पदे रिकामी आहेत, आणि त्या जागी तासाप्रमाणे पैसे घेणारे प्राध्यापक दरवर्षी नव्याने नेमले जातात. नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली, पीएच.डी. असलेली बाई सकाळी एका तालुक्याच्या महाविद्यालयात दोन तास घेते, एसटीने दुसरीकडे जाऊन आणखी दोन घेते, आणि त्या तासांचे पैसे सहसंचालक कार्यालयाच्या मंजुरीनंतर कित्येक महिन्यांनी हातात पडतात. सुट्टीत वेतन नाही, पुढच्या जूनची खात्री नाही. तिने विद्यार्थ्याला तासानंतर थांबवून अडलेले समजावून सांगावे तर तो वेळ कोणत्याही देयकात बसत नाही. परीक्षेच्या हंगामात ते साडेनऊशे शिक्षक आणायचे कुठून, याचे उत्तर इथे दडलेले आहे.

पैसे नाहीत, हा यावरचा नेहमीचा प्रतिवाद आहे, आणि राज्याच्या तिजोरीवर खरोखर ताण आहे. पण टोयोटाच्या ज्या पद्धतीचा दाखला दिला जातो तिच्यात कायम कामगारांना दीर्घकाळ टिकवून धरणे आणि पुरवठादारांशी वर्षानुवर्षांचे नाते जपणे या अटी मुळातच होत्या, आणि चूक दिसताच दोरी ओढून सगळी उत्पादनरेषा थांबवण्याचा अधिकार साध्या कामगाराला होता. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाने अभ्यासक्रमातली किंवा मूल्यमापनातली चूक दाखवून काही थांबवले, असे कधी ऐकले आहे का? शिवाय 2011च्या भूकंपानंतर टोयोटाने शून्य साठ्याचा आग्रह स्वतःच सैल केला आणि पुरवठादारांना संगणकीय चिप्सचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. जिथे तुटवडा परवडणारा नाही तिथे राखीव साठा ठेवावा लागतो, हे त्यांना कळले. विद्यापीठात तो साठा म्हणजे शिक्षकाचा मोकळा तास, ग्रंथालयात न खपलेले पुस्तक, दोनच विद्यार्थी असलेला पाली किंवा मोडीचा वर्ग. लेखापरीक्षकाला ही उधळपट्टी वाटते, पण संशोधन त्याच वेळात होते, आणि मोडी वाचणारा माणूस हवा असे दप्तरखान्याला पंधरा वर्षांनी वाटले तर तो आयत्या वेळी कुठे मिळणार नाही.

मागणीचा अंदाज बांधणे हे या शास्त्रातले सर्वांत कठीण काम समजले जाते. विद्यापीठाला मात्र एक अंदाज पूर्ण अचूक मिळतो. प्राध्यापक कोणत्या दिवशी निवृत्त होणार हे तो रुजू होतो त्या दिवशीच सेवापुस्तकात लिहिलेले असते. तरीही पद रिकामे झाल्यावर मग कार्यभाराचा हिशेब, बिंदुनामावलीची (आरक्षणानुसार पदांच्या यादीची) तपासणी, ना हरकत प्रमाणपत्र, वित्त विभागाची संमती, जाहिरात, निवड समिती, विद्यापीठाची मान्यता असे टप्पे एकामागून एक सुरू होतात, आणि त्यांतल्या कोणत्या टेबलावर फाईल किती दिवस थांबली हे कोणी विचारत नाही. ज्यांना विद्यापीठात पुरवठा साखळीचे शास्त्र आणायचे आहे त्यांनी या फाईलपासून सुरुवात करावी. निवृत्तीच्या दीड वर्ष आधी ती हलावी, बिंदुनामावलीची तपासणी आणि आर्थिक संमती एकाच वेळी चालाव्यात, प्रत्येक टेबलाला दिवसांची मर्यादा असावी आणि ती ओलांडली गेल्यास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तसे दिसावे, आणि निवृत्त होणाऱ्या शिक्षकाने निदान एक सत्र नव्या शिक्षकाबरोबर त्याच विभागात काढावे. यातल्या एकाही गोष्टीसाठी विद्यार्थ्याला माल म्हणावे लागत नाही.